उपाय शेवटी सांगा: कारखान्यात प्रक्रिया-सुधारणा शिकायला आलेल्यांसाठी

फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, रिजेक्शन (दोषामुळे बाद होणारा माल) वाढलं की पाच मिनिटांत दहा उपाय तयार असतात. वाळूतलं पाणी कमी करा, भट्टीचं तापमान चढवा, वाळूचा पुरवठादार बदला, तिसऱ्या शिफ्टच्या पोरांना बोलावून घ्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ज्यांनी चार-सहा महिने काढलेत, त्यांनी ही मीटिंग नक्की पाहिली असेल. बोलणारे सगळे अनुभवी असतात आणि प्रत्येकाचा उपाय पूर्वी कधीतरी लागू पडलेला असतो. त्यामुळे एकाच आठवड्यात चार गोष्टी बदलल्या जातात. रिजेक्शन उतरलं तर कशामुळे उतरलं हे कुणालाच कळत नाही आणि तीन महिन्यांनी तीच मीटिंग पुन्हा भरते.

फाउंड्रीत आणि मशिन शॉपमध्ये बरीच वर्षं काढल्यावर आता मी नव्या इंजिनिअरांना, डिप्लोमावाल्यांना आणि सुपरवायझरांना प्रक्रिया-सुधारणेचं पहिलं प्रशिक्षण देतो. दोन दिवसांत मी जे सांगतो ते इथे लिहितोय. उदाहरण फाउंड्रीचं आहे, कारण कोल्हापूरची निम्मी बोलणी तिथेच होतात. पण तुम्ही दूध संघात, दवाखान्यात किंवा ऑफिसात असलात तरी पायऱ्या याच राहतील.

आधी नावं सुटी करून घेऊ

नवा माणूस पहिल्या दिवशी नावांनीच गांगरतो. काइझेन, लीन, सिक्स सिग्मा, क्वालिटी सर्कल, फाइव्ह एस. ही एकमेकांच्या विरोधातली घराणी नाहीत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

लीनचं मूळ टोयोटात, ताइची ओनो यांनी तिथे उभ्या केलेल्या उत्पादनपद्धतीत आहे. तिचा प्रश्न असा: गिऱ्हाईक ज्याचे पैसे देणार नाही असं कोणतं काम आपण करतोय? ओनोंनी असे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची वाहतूक, नको असलेली प्रक्रिया, साठा, माणसाची फुकटची हालचाल आणि दोष. आपल्या शॉपमध्ये पाच मिनिटं उभे राहा, सातही दिसतील. फेटलिंगच्या (ओतलेले भाग साफ करणाऱ्या विभागाच्या) दारात पडलेला कास्टिंगचा, म्हणजे ओतून बनवलेल्या भागांचा, ढीग हा साठाही असतो आणि पुढच्या मशिनचं वाट पाहणंही.

सिक्स सिग्मा मोटोरोलामध्ये १९८६ साली बिल स्मिथ या इंजिनिअरच्या कामातून पुढे आलं आणि १९९५ नंतर जनरल इलेक्ट्रिकने स्वीकारल्यावर जगभर पसरलं. त्याचा प्रश्न फरकाचा आहे. तीच वाळू, तोच पॅटर्न (साचा पाडायचा नमुना), तीच माणसं, तरी आजचं कास्टिंग कालच्यासारखं का नाही? दहा लाख संधींमागे ३.४ दोष हा त्याचा प्रसिद्ध आकडा. तो पाठ असू द्या, पण पहिल्या प्रकल्पात त्याच्या मागे लागू नका.

क्वालिटी सर्कल ही एकाच जागी काम करणाऱ्या माणसांनी स्वेच्छेने एकत्र येऊन स्वतःच्या कामातले प्रश्न सोडवण्याची रीत. जपानमध्ये १९६२ साली कावरू इशिकावा यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली, भारतात १९८० साली हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात पोचली आणि १९८२ साली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया उभा राहिला. काइझेन म्हणजे रोजची छोटी सुधारणा. फाइव्ह एस म्हणजे जागा अशी लावणं की चुकलेली गोष्ट लांबूनच दिसावी. फाइव्ह एसला नुसती साफसफाई समजून दिवाळीपुरतं उरकणारे फार आहेत. ते टाळा, एवढंच म्हणतो.

शिकताना कणा एकच धरा: व्याख्या, मोजणी, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला डीमॅक म्हणतात. बाकीची साधनं त्या त्या पायरीवर हाताशी येतात. सुधारणा चौथी आहे, हे आताच डोक्यात पक्कं करा. (पुढे मी विश्लेषणाच्या दोन पायऱ्या करून सांगतो, म्हणून तिथे ती पाचवी येते.)

भूमिका: कोण काय धरणार

भूमिका समजावताना मी नेहमी गुऱ्हाळाचं उदाहरण घेतो. घाण्यावर एक माणूस, चुलवाणात चिपाड घालणारा दुसरा, रसावरची मळी काढणारा तिसरा आणि काहील कधी उतरायची हे ठरवणारा गुळव्या. ऊस शेतकऱ्याचा, रवे जाणार शाहू मार्केट यार्डात. जाळ किती हे गुळव्या सांगतो, पण चिपाड ओलं आलंय हे चुलवाणावरच्यालाच आधी कळतं. त्याने ते सांगितलं नाही, किंवा सांगूनही कुणी ऐकलं नाही, तर सगळी काहील बिघडते. सुधारणेच्या टीमचंही असंच असतं.

सगळ्यात वर चॅम्पियन किंवा स्पॉन्सर. आपल्याकडे बहुधा मालक किंवा प्लँट हेड. प्रकल्प निवडणं, माणसांना वेळ मोकळा करून देणं आणि दोन विभागांत अडलं तर तोडगा काढणं, ही त्याची तीन कामं. कारणांची चर्चा चालू असताना मात्र त्याने खोलीत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मालक बसले की हेल्पर बोलत नाही.

प्रोसेस ओनर म्हणजे ती प्रक्रिया रोज ज्याच्या ताब्यात आहे तो. कोअर शॉपचा प्रकल्प असेल तर कोअर शॉपचा इन्चार्ज. (कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा.) टीम मोडल्यावर सुधारणा टिकवायची जबाबदारी त्याचीच. म्हणून तो पहिल्या बैठकीपासून हवा.

मग पट्टे, म्हणजे बेल्ट. ही नावं कराटेवरून घेतलेली. व्हाइट बेल्टला ओळखीपुरतं ज्ञान असतं. यलो बेल्ट टीममध्ये बसतो, आकडे गोळा करतो, साधी साधनं वापरतो. नवीन माणसाची जागा हीच आणि ती कमी दर्जाची नाही. ग्रीन बेल्ट आपलं रोजचं काम सांभाळून छोटा प्रकल्प चालवतो. ब्लॅक बेल्ट बहुतेक पूर्णवेळ याच कामाचा असतो, संख्याशास्त्र जाणतो, ग्रीन बेल्टना अडलं तर मदत करतो. ब्लॅक बेल्टना घडवतो तो मास्टर ब्लॅक बेल्ट.

चाळीस माणसांच्या युनिटमध्ये एवढी उतरंड कुठून येणार? येत नाही आणि गरजही नाही. मालक चॅम्पियन, एक ग्रीन बेल्ट, लागेल तेव्हा बाहेरचा जाणकार आणि चार-पाच जणांची टीम, एवढ्यावर काम होतं. एका माणसाने दोन टोप्या घातल्या तरी चालतं, पण टीम लीडर आणि प्रोसेस ओनर शक्यतो एकच नको. लीडर पुढच्या प्रकल्पाकडे जातो, आणि मागे धरून ठेवणारा कुणी नसला की महिन्याभरात जुनी पद्धत परत येते.

आणि टीममध्ये ते काम स्वतःच्या हाताने करणारा माणूस असलाच पाहिजे. केबिनमधल्या पाच जणांची टीम मी टीम मानत नाही. का, ते पुढच्या हकिगतीत येईल.

पायरी १: प्रश्न लिहून काढा, त्यात कारण नको

एका फाउंड्रीत माझा पहिला प्रकल्प झाला त्याचे आकडे शिकवण्यासाठी गोल करून देतो. महिन्याला २०,००० कास्टिंग, त्यातली १,६०० रिजेक्ट, म्हणजे ८ टक्के. मीटिंगच्या वहीत प्रश्न असा लिहिला होता: ‘तिसऱ्या शिफ्टच्या निष्काळजीपणामुळे रिजेक्शन वाढले आहे.’

या वाक्यात प्रश्न, कारण आणि आरोपी तिन्ही एकत्र बसलेत. असं वाक्य लिहिलं की शोध तिथेच संपतो. बरोबर वाक्य असं: ‘गेल्या तीन महिन्यांत अमुक कास्टिंगचं रिजेक्शन सरासरी ८ टक्के आहे, ते चार महिन्यांत ४ टक्क्यांवर आणायचं आहे.’ काय, कुठे, किती, कधीपासून. ‘कुणामुळे’ आणि ‘का’ हे शब्द या पायरीवर लिहायचे नाहीत.

सोबत प्रक्रियेच्या दोन्ही हद्दी आखून घ्या: कच्चा माल कुणाकडून, काय आत येतं, मुख्य पाच-सहा टप्पे कोणते, काय बाहेर पडतं, कुणाला मिळतं. याला सायपॉक म्हणतात, एका पानावर मावतं. पहिला प्रकल्प लहान घ्या. ‘कारखान्याचं रिजेक्शन’ हा प्रकल्प होत नाही, ‘या एका पार्टचं रिजेक्शन’ हा होतो.

पायरी २: मोजा, आणि मोजणाऱ्यालाही तपासा

नवशिक्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून थोडा रेंगाळतो.

चेक शीट साधी असू द्या. तारीख, शिफ्ट, हीट नंबर (धातू भट्टीच्या कोणत्या खेपेचा), दोषाचा प्रकार, दोषाची जागा. भरणाऱ्याचे हात वाळूने माखलेले असतात हे ध्यानात ठेवा. एका खुणेत काम झालं पाहिजे. कास्टिंगचं चित्र छापून त्यावर दोष जिथे आहे तिथे फुली मारायला सांगितली तर ती मंडळी आनंदाने भरतात आणि शब्दांपेक्षा जास्त सांगून जातात.

आकडे जमवायच्या आधी एक तपासणी करा. ३० कास्टिंग निवडा, काही चांगली, काही दोषाची. दोन इन्स्पेक्टरना वेगवेगळं बोलावून प्रत्येकाकडून ती दोनदा तपासून घ्या, दुसऱ्या वेळी क्रम बदलून. आम्ही हे केलं तेव्हा दोघांचं एकमत ३० पैकी २१ ठिकाणीच झालं. एकजण ज्याला ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) म्हणत होता, दुसरा त्याला वाळू म्हणत होता. म्हणजे त्याआधीच्या कित्येक महिन्यांच्या रजिस्टरवर विसंबता येत नव्हतं. मग खऱ्या नमुन्यांचा बोर्ड केला: हे ब्लो होल, हे वाळू अडकलेलं, हे कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याची रेघ). तो तपासणीच्या टेबलाशेजारी टांगला आणि मगच मोजायला सुरुवात केली.

महिन्याभराचे आकडे असे आले: ब्लो होल ७२०, वाळू ४००, कोल्ड शट २१०, श्रिंकेज (धातू गार होताना आकसल्याचा दोष) १५०, बाकी १२०. उतरत्या क्रमाने खांब उभे केले की झाला पॅरेटो चार्ट. पहिले दोनच दोष मिळून ११२०, म्हणजे ७० टक्के. आता निम्मी टीम पाचही दोषांवर एकदम काम करा म्हणेल. नाही म्हणा. पहिला खांब धरा.

सिग्मा पातळी (दोष किती कमी याचं माप, जास्त तितकी चांगली) काढायची हौस असेल तर एका कास्टिंगला दोषाच्या पाच संधी धरा. २०,००० गुणिले ५ म्हणजे एक लाख संधी, त्यात १,६०० दोष, म्हणजे दहा लाखांमागे १६,०००. प्रचलित तक्त्यात ही पातळी साधारण ३.६ येते. मात्र संधी पाचच्या दहा धरल्या की कास्टिंग तसंच राहूनही पातळी सुधारलेली दिसते. म्हणून शॉपमध्ये मी टक्केवारीच वापरतो.

पायरी ३: जागेवर जाऊन उभे राहा

आता ब्लो होलचे ७२० शिफ्टप्रमाणे वेगळे केले. पहिली शिफ्ट १५०, दुसरी १९०, तिसरी ३८०. उत्पादन तिन्ही शिफ्टचं जवळपास सारखं. मीटिंगमध्ये लगेच आवाज उठला, बघा, म्हणालो नव्हतो? रात्रपाळीची माणसं झोपतात.

मी त्या रात्री शॉपमध्ये गेलो. कुणी झोपलेलं नव्हतं. मोल्डिंगवर पन्नाशीचे एक मामा होते, साच्यात कोअर बसवायचं काम त्यांचं. तासभर नुसता उभा राहिलो, मग विचारलं, “मामा, तुम्हाला काय वाटतं, कशानं होत असेल?” ते म्हणाले, “सायेब, ह्यो कोअर हातात घिवून बगा. गार लागतोय. वाळल्याला कोअर असा गार लागत न्हाई. सा म्हैनं झालं सांगतोय.”

सहा महिने. त्यांच्या शिफ्टच्या नावावर रिजेक्शन लागत होतं, बोलणी ते खात होते आणि कारण त्यांच्या हाताला रोज लागत होतं. टीमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी घातलं. त्यासाठी चॅम्पियनला सांगून त्यांना दोन आठवडे पहिल्या शिफ्टला आणावं लागलं. चॅम्पियन ही भूमिका असते ती अशा कामाला.

पायरी ४: कारण सिद्ध करा

मामांचं म्हणणं पटलं, तरी ते अजून अंदाजच होतं. म्हणून सगळ्यांना बसवून माशाच्या काट्याची आकृती काढली, जी इशिकावांच्या नावाने ओळखली जाते. माणूस, मशिन, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण अशा सहा फांद्या. वाळूतला ओलावा, वाळूतून वायू बाहेर पडण्याची क्षमता, ओतताना धातूचं तापमान, लॅडल (धातू ओतायचं भांडं) नीट तापली होती का, कोअरचा ओलावा, सगळं लिहिलं. इथे कुणाचंही म्हणणं खोडायचं नाही. मात्र पुढे प्रत्येक कारणासमोर एक रकाना करा: हे खरं की खोटं हे कशावरून कळेल?

वाळूचा ओलावा तिन्ही शिफ्टना सारखाच निघाला. ओतण्याचं तापमानही. कोअर मात्र वजन करून, पुन्हा वाळवून, पुन्हा वजन केले तेव्हा तिसऱ्या शिफ्टला जाणाऱ्यांत पाणी जास्त होतं. कोअरला पाण्यातलं कोटिंग लावून ओव्हनमध्ये वाळवतात. ते पाणी आत राहिलं की वितळलेलं लोखंड ओतताच त्याची वाफ होते, वायूला बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते.

आता ‘का’ विचारत मागे जायचं. कोअर ओला का? ओव्हनच्या ट्रॉलीवर जास्त थर रचले, मधल्यांना गरम हवा लागली नाही. जास्त थर का? दुसऱ्या शिफ्टला तिसऱ्या शिफ्टचेही कोअर करायचे असतात. ते का? रात्री कोअर ऑपरेटर नाही. का नाही? कारखाना दोन शिफ्टचा होता तेव्हाचंच नियोजन चालू होतं, तिसरी शिफ्ट सुरू झाली पण कोअर शॉपचं वेळापत्रक कुणी बदललं नाही. निष्काळजीपणापासून निघालेली गाडी नियोजनाच्या कागदावर येऊन थांबली. ‘का’ पाचच वेळा विचारायला हवं असा नियम नाही. जिथे आपल्याला काही बदलता येईल आणि बदल टिकेल, तिथे थांबा.

शेवटची खात्री म्हणून तीन रात्री ठरलेल्या थरांपुरतेच कोअर वाळवून तिसऱ्या शिफ्टला दिले. ब्लो होल पहिल्या शिफ्टच्या पातळीवर आले. चौथ्या रात्री मुद्दाम जुन्या पद्धतीने दिले, पुन्हा वाढले. कारण लावता आणि काढता आलं की मगच ते कारण म्हणायचं.

पायरी ५: आता उपाय

इथवर आल्यावर उपायाला फार वेळ लागत नाही. ट्रॉलीवर थरांची लाल रेघ ओढली, कोअर ऑपरेटरच्या वेळा सरकवल्या, ओव्हनची एक फेरी वाढवली. खर्च रंगाचा आणि थोड्या विजेचा. आधी एका पार्टवर, दोन आठवडे, मग बाकीच्यांवर. हे तिन्ही बदल एकाच कारणावरचे होते; एका वेळी एकच कारण धरा. बचतीचा आकडा अकाउंट्सच्या माणसाकडून काढून घ्या, टीमने स्वतः काढलेल्या आकड्यावर मालकाचा विश्वास बसायला वेळ लागतो.

पायरी ६: धरून ठेवा

नियंत्रणासाठी एक पान पुरतं: काय पाहायचं, किती वेळाने, कोण पाहणार, हद्द ओलांडली तर काय करायचं. त्यावर प्रोसेस ओनरची सही.

सोबत कंट्रोल चार्ट शिका, म्हणजे रोजचे आकडे, त्यांची सरासरी आणि वर-खाली एकेक हद्द दाखवणारा आलेख. वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ साली मांडलेली ही कल्पना आजही तितकीच उपयोगी आहे. आपल्या जुन्या आकड्यांवर बघा: रोज ८०० कास्टिंग, सरासरी रिजेक्शन ८ टक्के. हिशेब केला तर हद्दी साधारण ५.१ आणि १०.९ टक्के येतात. म्हणजे प्रक्रियेत काहीही न बदलता एखाद्या दिवशी ६ आणि एखाद्या दिवशी १० टक्के येणं स्वाभाविक आहे. काल ७ होतं, आज ९ झालं म्हणून सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावणं अन्यायाचं आहे आणि निरुपयोगीही. हद्दीबाहेर बिंदू गेला, किंवा सलग आठ-नऊ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर मात्र त्याच शिफ्टमध्ये जागेवर जा. सुधारणा झाल्यावर नव्या सरासरीने हद्दी पुन्हा काढा, नाहीतर जुन्या रुंद हद्दींत नवी बिघाडी लपून राहते.

प्रमाणपत्रांविषयी थोडं

सगळ्या जगाला एकच लागू असा बेल्ट कुणी देत नाही. प्रत्येक संस्थेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगळी. म्हणून कोर्स निवडताना एकच विचारा: प्रत्यक्ष प्रकल्प पूर्ण केल्याशिवाय ग्रीन बेल्ट मिळतो का? मिळत असेल तर पैसे जपून ठेवा. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या परीक्षा आहेत, फाउंड्रीवाल्यांना इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा जवळ आहे. लहान उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये नव्याने सुरू केलेल्या एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजनेत बेसिक, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत. मालकाला त्याची माहिती काढून द्या, पहिलं चांगलं काम तेच होईल.

उद्यापासून काय कराल

एक पार्ट निवडा. त्याच्या कामाच्या जागी तासभर उभे राहा, वही खिशात ठेवून. दुसऱ्या दिवशी चेक शीटचं एक पान घेऊन जा आणि जो माणूस ते भरणार आहे त्यालाच विचारा, यात काय काढू आणि काय घालू. आमच्या त्या चेक शीटवर ‘कोअर हाताला गार लागला का’ असा रकाना मामांनी घालायला लावला होता. तो अजून आहे.